इडुक्कीचं बी माझ्याकडे सुरक्षित आहे

१६ मार्च, रविवार

आजपासून रोजनिशी. आज माझ्याकडे एक ऐतिहासिक जबाबदारी आली आहे आणि अशा गोष्टींची नोंद राहिली पाहिजे. अर्थात हे कोणी वाचायचं नाही. शीला, तू वाचत असशील तर इथेच बंद कर.

विश्वनाथकाकांनी मला त्यांच्या वॉटर्लूच्या कॉन्डोवर बोलावून घेतलं आणि जुन्या फिल्मरोलची एक काळी डबी हातावर ठेवली. आत इडुक्कीच्या डोंगरातलं गांजाचं बी. अस्सल, पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच मातीतलं, कशाशी संकर न झालेलं. हौशी लोक याला लँडरेस म्हणतात. काका युनिव्हर्सिटीत मातीचे प्रोफेसर होते. सत्तरच्या दशकात त्यांचा एक गोरा विद्यार्थी केरळ भटकून आला आणि गुरुदक्षिणा म्हणून हे देऊन गेला. काकांनी ते आधी ग्रीनहाउसमध्ये टोमॅटोच्या मागे लपवून आणि कॅनडातला कायदा बदलल्यावर उघड्यावर, पुन्हा पुन्हा लावून जिवंत ठेवलं. स्वतः काका सुपारीसुद्धा खात नाहीत. आमच्या ‘चार रोपं’ ग्रुपमध्ये तसं कोणीच ओढत नाही. लोक गुलाबाची प्रदर्शनं भरवतात ना, तसे आम्ही.

आता काकांचे गुडघे गेले, डोळ्यांनी नीट दिसत नाही, वास कोविडपासून येत नाही. पूर्वी ज्यांना बी दिलं होतं त्यांच्याकडचं संपलं किंवा ते लोकच गेले. म्हणजे हे एवढंच उरलं आहे. अट एकच, पाच घरांत वाटायचं. एका घराला कायद्याने चारच रोपं, त्यात नर किती निघणार, मादी किती, थंडीत किती जाणार, काही सांगता येत नाही. काका म्हणाले, विरजणासारखं असतं रे हे, आपलं बिघडलं तर शेजारी मागता आलं पाहिजे.

मलाच का, तर म्हणे तुझं बॅकयार्ड मोठं आहे आणि आता तुला वेळ आहे. वेळ वगैरे काही नाही. सप्टेंबरपासून मी कन्सल्टिंग करतो. क्लायंट अजून ठरलेला नाही, एवढंच.

संकल्प: या आठवड्यात वाटप पूर्ण करणे.

२३ मार्च

वाटप केलेलं नाही. कारण आहे. पाच घरांतलं पहिलं घर काकांनी स्वतःच सांगून ठेवलंय, जयदीपचं.

जयदीपला इथे किचनरमध्ये मी आणला. त्याचा इंटरव्ह्यू मी घेतला, पहिल्या हिवाळ्यात त्याला विंटर टायर कुठले घ्यायचे ते मी सांगितलं, ड्राइव्हवे शोव्हल करताना पाठ कशी सांभाळायची तेही. गेल्या सप्टेंबरात कंपनीत रिस्ट्रक्चरिंग झालं आणि माझी पोझिशन एलिमिनेट झाली. ती एलिमिनेट होऊन बरोबर जयदीपच्या खुर्चीत जाऊन बसली. तो अजून मला दादा म्हणतो. म्हणू दे.

बी काय, कोणाच्याही हातात देता येत नाही. आधी घेणाऱ्याची पात्रता ठरली पाहिजे. जयदीप बेसमेंटमध्ये तंबू ठोकून, दिवे लावून, फोनवरच्या ॲपने पाणी घालतो. ज्या झाडाने सह्याद्रीचं ऊन पाहिलं त्याला हा ॲप दाखवणार. त्याचा मेसेज आला होता, दादा, बी घ्यायला कधी येऊ, पाच दाणे दिलेत तरी पुरे. मी लिहिलं, प्रोसेस चालू आहे.

६ एप्रिल

पहिली बॅच भिजवून ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळली आणि बेसमेंटमध्ये घर तापवणाऱ्या फर्नेसवर ठेवली होती. उष्ण कटिबंधातलं बी, त्याला ऊब हवी. शीला हॉस्पिटलच्या लॅबमधून शिफ्ट करून आली आणि विचारायला लागली की तीळ कोण भाजतंय.

बॅच गेली. माझ्या मते ते दाणे मुळातच कमजोर होते. निसर्ग अशीच निवड करतो.

काकांचा फोन आला, वाटप झालं का विचारत होते. सुरू आहे म्हटलं. हे खोटं नाही. मनात केव्हाच सुरू झालेलं आहे.

२० एप्रिल

दुसरी बॅच उगवली. माझ्या हाताला गुण आहे हे मी आधीपासून म्हणत होतो. या पिढीपासून वाणाला रीतसर नाव असावं असं वाटतं. ‘नंदकुमार इडुक्की’. वीकेंडला गौरांगी घरी आली होती, तिला सांगितलं. ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, डॅड, दॅट्स लिटरली नॉट युअर्स. युनिव्हर्सिटीत फी घेऊन हे शिकवतात.

संकल्प: मे महिन्यात, थेट तयार रोपंच वाटणे. बी वाटण्यापेक्षा ते जास्त उदार.

१८ मे, लाँग वीकेंड

इथे सगळे मे महिन्यातल्या लाँग वीकेंडची वाट बघत बसतात आणि मगच रोपं बाहेर लावतात. काकांनीही तेच सांगितलं होतं. मी गेल्या शनिवारी लावली, कारण ऊन छान पडलं होतं आणि मी कळपात चालणारा माणूस नाही.

परवा रात्री दहिवर गोठलं. सकाळी सगळी रोपं उकडलेल्या पालकासारखी आडवी. शीलाने तिच्या टोमॅटोंवर जुन्या चादरी टाकल्या होत्या, टोमॅटो ठणठणीत आहेत. मला म्हणाली की तुमच्या रोपांवर पण टाकणार होते, पण तुम्ही झोपताना सांगितलंत की रोपांना कणखर करताय. मी तसं म्हणालो होतो हे खरं आहे. संदर्भ वेगळा होता.

डबीत आता चिमूटभर बी उरलंय. ते वाटायचं म्हणून राखून ठेवलेलं. पण वाणच जगला नाही तर वाटणार काय? तेव्हा वाटपाचा हिस्सा वाणाच्या बचावासाठी वळवत आहे. कोणाही विचारी माणसाने हेच केलं असतं.

८ जून

चार रोपं लागली, चारही उत्तम. डबी मात्र रिकामी झाली. कपाटात रिकामी डबी बरी दिसत नाही, म्हणून तिच्यात थोडे धने घातले. आकार साधारण तोच, हलवली तर आवाजही येतो.

जयदीप न बोलावता बघायला आला. त्याने बी मागितलं नाही, ते मला जास्त लागलं. म्हणाला, दादा, मोठ्या कुंड्यांत लावा ना, हे झाड फार उशिरा फुलतं, ऑक्टोबरमध्ये गराजमध्ये ओढून घेता येईल. मी त्याला सांगितलं की इडुक्कीच्या डोंगरावर कुंड्या नसतात. चारही जमिनीत लावली.

५ जुलै

झाडं माझ्या छातीपर्यंत आली. आता खरा प्रश्न सुरक्षेचा. जयदीप काल पुन्हा आला होता, त्याने फोटो काढले, पान बोटांत धरून बराच वेळ बघत बसला. माणसाच्या नजरेवरून कळतं. एकदा खुर्ची नेली, आता फांदी न्यायला वेळ लागणार नाही.

गराजच्या भिंतीवर फ्लडलाइट बसवला, अगदी झाडांवर रोखून. आधी हालचाल दिसली की लागणारा आणला होता, पण सशांमुळे तो सारखा चालू-बंद व्हायचा. तो बदलून अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत लागून राहणारा घेतला. आता मुंगी गेली तरी दिसेल. शेजारच्या पोर्तुगीज बाई तक्रार करून गेल्या की त्यांच्या बेडरूममध्ये दिवस असतो. जाड पडदे सुचवले.

डोळ्यांत तेल घालून राखतो आहे. कोणी किंमत करत नाही.

३ ऑगस्ट

झाडं कुंपणाच्या वर गेली! शिडीवर चढून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. सगळे अवाक झाले असावेत, कारण तिघांनी फक्त अंगठा दाखवला. जयदीपने विचारलं, फुलाचं काही चिन्ह? मी लिहिलं, पेशन्स. काही लोकांना सगळं लवकर मिळतं, म्हणून पेशन्स म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नसतं. हे दुसरं वाक्य पाठवलं नाही. पाठवायला हवं होतं.

कन्सल्टिंग: ब्रॅम्पटनच्या एका ट्रकिंगवाल्याशी बोलणं झालं. त्याला वेबसाइट हवी होती. मी त्याला डिजिटल ट्रान्स्फॉर्मेशनबद्दल सांगितलं. तो हिंदीत म्हणाला की भाईसाब, मेरा भतीजा कर देगा.

३० ऑगस्ट

मंडळाचा गणपती. विश्वनाथकाका वॉकर घेऊन आले होते. आरतीनंतर मला शेजारी बसवून घेतलं आणि झाडांचं सगळं विचारलं. मी उंची सांगितली. ते म्हणाले, उंची राहू दे, नर-मादी कळायला लागलं का? मी म्हटलं, अजून लाजताहेत. काका हसले नाहीत. म्हणाले, आता रात्री मोठ्या होतायत. या झाडाला सलग अंधार मिळाला की त्याला कळतं फुलायची वेळ झाली. तुझ्याकडे अंधार पडतो ना नीट? मी म्हटलं, काका, रात्री सगळीकडेच अंधार असतो.

तेवढ्यात जयदीप महाप्रसादाच्या रांगेत माझ्या पुढे घुसताना दिसला, म्हणून उठलो. तो काकांचंच ताट वाढून घेत होता असं नंतर कळलं. पण रांग ती रांग.

काकांनी जाताना पुन्हा विचारलं, जयदीपचं कसं आहे झाड? मी म्हटलं, त्याचं काय, छानच असणार.

२१ सप्टेंबर

फूल नाही. कारणं लिहून ठेवतो: जंगलांच्या वणव्यांचा धूर आला तो, हवामानबदल, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, आणि शीलाची रोज सकाळी खिडकीतून बघून सुस्कारा टाकायची सवय. ग्रुपमध्ये बाकी सगळ्यांची झाडं फुलली, पण ती संकरित. त्यांना संयमच नसतो.

जयदीपची गाडी आज घरासमोरून दोनदा गेली. तो पुढच्याच गल्लीत राहतो, पण तरी. कुंपणाच्या बाजूने दुसरा फ्लडलाइट बसवला. आता झाडांना सावलीच नाही. शीला म्हणाली की विजेचं बिल बघितलंत का? मी म्हटलं, वारसा जपायचा तर असं बोलून चालत नाही.

संकल्प: या रविवारी काकांना जाऊन सगळं स्पष्ट सांगणे.

२८ सप्टेंबर

आज कन्सल्टिंगचं काम होतं.

१२ ऑक्टोबर, थँक्सगिव्हिंगच्या आदला दिवस

फ्रॉस्ट वॉर्निंग. संध्याकाळी जयदीप आला, न विचारता, हातात फावडं आणि घर हलवताना वापरतात ती जाड ब्लँकेटं. आम्ही डेकवर उभे होतो तेवढ्यात अंधार पडला आणि दोन्ही फ्लडलाइट लागले. त्याने आधी दिव्यांकडे बघितलं, मग झाडांकडे. विचारलं, दादा, हे केव्हापासून? मी अभिमानाने सांगितलं की जुलैपासून, अखंड, एक रात्र चुकवलेली नाही. तो डेकच्या पायरीवर खाली बसला. म्हणाला, दादा, यांना रात्र झालेली कळलीच नाही हो.

काकांचं अंधाराचं बोलणं मला तेव्हा आठवलं. ते आधी आठवलं नव्हतं असं नाही. कधी विचार केला नव्हता.

जयदीप म्हणाला, अजून वेळ आहे. आत्ता खणून काढू, मुळं जमतील तेवढी घेऊ, माझ्या तंबूत नेऊ, दिवे बंद करून ठेवू. एखादं जरी वाचलं आणि त्याला बी धरलं तरी काकांचं काम झालं. तो ओणवा होऊन फावडं मारणारच होता. मी नको म्हटलं. म्हटलं, बाहेरच राहू दे, वरून ब्लँकेटंच टाकू. त्याने दोनदा विचारलं. मी दोनदा नको म्हटलं.

त्याच्या तंबूत फुललं असतं तर ते जन्मभर जयदीपने वाचवलेलं बी झालं असतं. पाच घरांत तेच नाव गेलं असतं. मला ते मेलेलं चाललं असतं, पण त्याच्या बेसमेंटमध्ये फुललेलं चाललं नसतं. लिहिलं खरं, पण हे कोणी वाचायचं नाही.

तो ब्लँकेटं ठेवून गेला. ती माझ्या झाडांच्या कमरेपर्यंतच पोचली.

१४ ऑक्टोबर

काळी पडली. चारही. फूल नाही, बी नाही.

शीलाने चहा आणून दिला आणि काही म्हणाली नाही. ती काही म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

१९ ऑक्टोबर

मनाशी विचार केल्यावर असं दिसतं की चूक मुख्यतः दिवा बनवणाऱ्या कंपनीची आहे. खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही. ‘चार रोपं’ ग्रुप म्यूट केला. लोकांना सहानुभूती दाखवायला फार आवडतं.

संकल्प: काकांना खरं सांगणे. ते १ नोव्हेंबरला कायमचे कॅल्गरीला मुलीकडे जाणार आहेत. त्याआधी.

१ नोव्हेंबर, शनिवार

काकांना एअरपोर्टला मी सोडलं. मीच मागून घेतलं होतं ते काम, म्हणजे गाडीत निवांत बोलता येईल. हायवेवर ट्रॅफिक होतं, बोलायला भरपूर वेळ मिळाला. मी हवामानावर बोललो.

शेवटी काकाच म्हणाले, तुझी गेली ना? मी हो म्हटलं. फ्रॉस्टमुळे, म्हटलं. ते म्हणाले, होतं असं, माझीही तीन-चारदा गेली आहेत, म्हणून तर वाटायचं असतं. मग म्हणाले, जयदीपला दिलं होतंस ना? बाकीचे राहिले असतील तर राहू दे, त्याला तरी दिलंस ना?

मी म्हटलं, दिलं ना काका.

मग काळजी नाही, ते म्हणाले, आणि सीटवर मान मागे टेकली. एवढं हलकं झालेलं मी त्यांना बऱ्याच महिन्यांत पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं. माणूस निश्चिंत मनाने गेला पाहिजे.

उतरताना त्यांनी डबी मागितली. आठवण म्हणून तेवढी नेतो म्हणाले. ती माझ्या कोटाच्या खिशातच होती, का आणली होती कोण जाणे. काकांनी ती कानाशी धरून हलवली. पुन्हा हलवली. म्हणाले, थोडे दाणे ठेवलेस वाटतं. मी हो म्हटलं. त्यांनी डबी आतल्या खिशात ठेवली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि एअरपोर्टची व्हीलचेअर ढकलणारी बाई त्यांना आत घेऊन गेली.

परत येताना हीटर लावूनही गाडी गरम होईना.

१६ नोव्हेंबर

नव्या वर्षाचे संकल्प आत्ताच करून ठेवतो. इडुक्कीला स्वतः जाणे. तिथल्या लोकांकडून नवं बी, नव्याने सुरुवात. काकांना सरप्राइज. (गौरांगी म्हणाली, डॅड, यू कान्ट ब्रिंग दॅट ऑन अ प्लेन. म्हटलं, बघू.)

७ डिसेंबर, रविवार

दही बिघडलं. थंडीत लागेनाच, दोन दिवस तार सुटून राहिलं, शेवटी शीलाने फेकून दिलं. तिने हातात वाटी दिली आणि म्हणाली की जा, नीलिमाकडून विरजण घेऊन या. नीलिमा जयदीपची बायको. आमच्या घरातलं विरजण मूळ तिचंच आहे, आणि तिचं मूळ आमचं, चार वर्षांपूर्वी तिचं बिघडलं तेव्हा शीलाने दिलेलं. हे मला आज शीलाने सांगितलं. मी म्हटलं, ग्रोसरीतून आणतो. तिने माझा कोट आणून दिला. गेलो.

दार जयदीपने उघडलं. आत या म्हणाला, मी बर्फाचे बूट काढावे लागतील म्हणून दारातच उभा राहिलो. नीलिमा वाटी घेऊन आत गेली. मग तो हळू आवाजात म्हणाला, दादा, काकांचा फोन आला होता. कॅल्गरीला खिडकीत कुंडी ठेवून त्यांनी डबीतलं सगळं लावलं. कोथिंबीर आली म्हणाले. छान आली आहे, मुलगी आमटीत घालते.

मी बुटांकडे बघत होतो.

तो म्हणाला, मग काकांनी विचारलं, जयदीप, तुझ्याकडे आहे ना रे? मी विचारलं, तू काय सांगितलंस? जयदीप म्हणाला, सांगितलं, आहे काका, भरपूर धरलंय, वाटतोय सगळ्यांना. अजून काय सांगणार होतो?

त्याच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. मी तयारीत होतो. तो फक्त दमलेला दिसत होता. म्हणाला, पाच दाणेच मागितले होते दादा.

नीलिमा वाटी घेऊन आली. काठोकाठ भरलेली, वर प्लॅस्टिक लावून रबरबँड घातलेलं. मी म्हटलं, एवढं कशाला, चमचाभर पुरे. ती म्हणाली, असू दे दादा, परत बिघडलं तर राहील.

वाटी दोन्ही हातांत धरून चालत आलो. सांडली नाही. आमच्या गल्लीत वळल्यावर लांबूनच दिसलं, सगळ्या घरांमागे काळोख आणि आमच्या बॅकयार्डमध्ये उजेड. दोन्ही फ्लडलाइट अजून लागतच होते. बर्फातून वर आलेल्या चार काळ्या काठ्यांवर, जुलैपासून एक रात्र न चुकवता.

वाटी शीलाला दिली आणि गराजमध्ये जाऊन दोन्ही बंद केले.